तुझ्या नावाने आंघोळ

मी एक जुना पितळी वाडगा आहे, आणि माझ्या काठाला एक पोचा आहे. पाहणाऱ्याला वाटतं, वय झालं म्हणून पडला असेल. तसं नाही. हा पोचा गेल्या ऑक्टोबरमधल्या एका गुरुवारी, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी पडला. त्या दुपारी जे घडलं त्यात माझाही वाटा आहे आणि तो मला लपवायचा नाही. भांड्याला बोलता येत नाही म्हणून भांडं निर्दोष असतं, असं समजू नका, मित्रांनो.

माझा जन्म मोरोक्को देशातल्या फेज शहरात झाला. तिथे तांबटांचा एक चौक आहे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिथे हातोड्यांशिवाय दुसरं काही ऐकू येत नाही. माझा कारागीर पत्रा तापवायचा, थंड करायचा आणि पुन्हा ठोकायचा. पोटावर त्यानं बारीक मठारकाम, म्हणजे हातोडीच्या ठोक्यांची नक्षी, केलं, काठावर पाकळ्या कोरल्या. काम संपल्यावर त्यानं मला टिचकी मारली आणि कान लावून ऐकलं. मी खणखणलो. "हा छान वाजतो," तो शेजाऱ्याला म्हणाला. आयुष्यातलं ते माझं पहिलं कौतुक. तेव्हापासून मला माझ्या आवाजाचा अभिमान होता. आता नाही.

मला एका बाईनं विकत घेतलं. ती मोहल्ल्यातल्या हमामात, म्हणजे सार्वजनिक स्नानगृहात, बायकांना आंघोळ घालायचं काम करायची. तिच्या हातात मी बावीस वर्षं राबलो. नव्या नवरीच्या डोक्यावर मी पाणी ओतलं, बाळंतिणीच्या पाठीवर ओतलं, आणि ज्यांच्या घरी आंघोळीला जागाच नव्हती अशा कितीतरी जणींच्या अंगावर ओतलं. बाई थकली तेव्हा तिनं मला आपल्या मुलीच्या हाती दिलं. मुलीचं नाव तूरिया. ती लग्न होऊन जर्मनीतल्या कार्ल्सरूहे गावी निघाली होती. दोन टॉवेलांत गुंडाळून मी तिच्या बॅगेतून आलो.

पहिली काही वर्षं मी तिच्या स्वयंपाकघरात लिंबं सांभाळली. मग गावात एक स्पा उघडला आणि त्यात मोरोक्कोच्या आंघोळीची वेगळी खोली झाली. तूरियाला तिथे काम मिळालं. पहिल्या दिवशी ती मला सोबत घेऊन गेली.

ही आंघोळ कशी असते, हे तुम्हाला सांगायला हवं. दारात एक छापील पत्रक असतं, पण मी आतून पाहिलं आहे. खोली दगडी असते, वाफेनं भरलेली. आधी नुसतं बसायचं. अंग गरम होऊ द्यायचं, घाम येऊ द्यायचा. मग अंगभर काळसर साबण लावतात. तो ऑलिव्हच्या फळांपासून करतात आणि घट्ट काकवीसारखा असतो. तो लावून दहा मिनिटं थांबायचं. घाई करणाऱ्याला या आंघोळीतून काही मिळत नाही. मग पाणी ओतून साबण काढतात आणि एका खरखरीत हातमोज्यानं अंग घासतात, मानेपासून तळव्यापर्यंत. तेव्हा कातडीवरून शेवयांसारख्या करड्या वळ्या निघतात. पाहुणे लाजतात. लाजायचं काही कारण नसतं, सगळ्यांच्याच निघतात. त्यानंतर डोक्याला आणि अंगाला एक तपकिरी माती लावतात. ती थोडी वाळू द्यायची आणि मग कोमट पाण्यानं धुऊन टाकायची. शेवटी झगा गुंडाळून बाहेर बसायचं आणि पुदिन्याचा गोड चहा प्यायचा. या सगळ्यात पाणी ओतायचं काम माझं. एका आंघोळीला माझे साधारण चाळीस फेरे होत.

सहा वर्षं हे काम मी केलं. बायका मला हातात घेऊन वजन पाहायच्या, काठावरच्या पाकळ्यांवरून बोट फिरवायच्या. मग नव्या व्यवस्थापिका आल्या, फ्राऊ केलर, म्हणजे केलरबाई. त्या वाईट नव्हत्या, शिस्तीच्या होत्या. पितळ ओल्या हातातून निसटतं, पडलं तर लागतं, असं म्हणून त्यांनी राखाडी प्लास्टिकचे बारा वाडगे मागवले. मला स्वागतकक्षातल्या काचेच्या कपाटात ठेवलं गेलं. माझ्यात साबणाच्या वड्या भरल्या. तीन वर्षं माझ्या अंगाला पाणी लागलं नाही. मी काळवंडलो. रोज सकाळी तूरिया जाता जाता काचेवर बोट वाजवायची, तेवढीच आमची भेट.

फ्राऊ केलर बरोबर होत्या, मित्रांनो. हे मला आज मान्य आहे. तेव्हा नव्हतं. कपाटात बसून मी रोज एकच इच्छा करायचो की कुणीतरी मला बाहेर काढावं. ती इच्छा त्या गुरुवारी पूर्ण झाली.

गुरुवारी फक्त बायकांना प्रवेश असतो. तीनच्या सुमारास तिघीजणी आल्या. एक साठी उलटलेल्या बाई, सुती साडी आणि वर जाड कोट. त्यांचं नाव विभावरी. साताऱ्याहून त्या तीन आठवड्यांसाठी मुलीकडे आल्या होत्या आणि रविवारी परत जाणार होत्या. दुसरी त्यांची मुलगी, उल्का. ती इथल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. तिसरी उल्काची मुलगी, इरा. चौदा वर्षांची, जन्मानं आणि शाळेनं कार्ल्सरूहेचीच.

उल्काची चार वाजता ऑफिसची मीटिंग होती. ती लॅपटॉप घेऊन चहाच्या खोलीत बसणार होती. "आई, इरा आहे तुझ्यासोबत. काही लागलं तर तिला सांग," ती म्हणाली. आई आणि मुलगी एकमेकींशी फार नीट बोलत होत्या. घरातली माणसं इतकं नीट बोलत नाहीत, हे मला तेव्हाच खटकलं.

विभावरीबाईंची काळजी वेगळीच होती.

"इरा, कपडे काढायचे म्हणजे किती काढायचे गं?"

"आल्झो आजी, इथे सगळे काढतात." 'आल्झो' म्हणजे 'तर', ही तिची जर्मन सवय.

"सगळे म्हणजे?"

"सगळे. पण या खोलीत नाही. या खोलीत चड्डी ठेवायची."

"बरं झालं बाई सांगितलंस. मी परकर आणलाय. तो मी सोडणार नाही, तुझ्या त्या फ्राऊला सांगून ठेव."

आणि मग त्यांची नजर कपाटाकडे गेली. त्या काचेजवळ आल्या. "अगं बाई," त्या म्हणाल्या, "हा तर आपल्याकडच्या घंगाळातल्या तांब्याचा भाऊ दिसतोय. किती काळा करून ठेवलाय यांनी. चिंच लावून घासला तर सोन्यासारखा होईल."

इरानं ते जर्मनमध्ये तूरियाला सांगितलं. तूरिया इतकी खूष झाली की तिनं इकडेतिकडे पाहिलं, कपाट उघडलं, साबणाच्या वड्या ओतून टाकल्या आणि मला बाहेर काढलं. "आज लाल्लासाठी हा," ती म्हणाली. त्यांच्याकडे वडीलधाऱ्या बाईला मानानं लाल्ला म्हणतात.

फ्राऊ केलरचा नियम मला माहीत होता, तूरियालाही माहीत होता. आम्ही दोघांनी तो मोडला. माझ्या आनंदाला त्या वेळी सीमा नव्हती.

पहिला तासभर सगळं सुरळीत चाललं. विभावरीबाई छातीपर्यंत परकर बांधून दगडी ओट्यावर बसल्या. त्यांनी पिशवीतून खोबरेल तेलाची बाटली काढली. तूरियानं मान हलवून ती बाजूला ठेवली, कारण तेलावर हातमोजा धरत नाही. "तेलाशिवाय कसली आंघोळ?" बाई कुरकुरल्या, पण काळा साबण लावल्यावर गप्प झाल्या. तूरियानं पाठ घासायला घेतली, तेव्हा करड्या वळ्या निघू लागल्या. ती कौतुकानं हातमोजा त्यांच्या डोळ्यांसमोर धरून म्हणाली, "शाऊ माल!"

विभावरीबाई चपापल्या. "मळ? इरा, हिला मराठी येतं की काय?"

इरा हसून हसून खाली बसली. "नाही आजी! शाऊ माल म्हणजे बघ जरा."

"बघ जरा काय, दिसतोय की! साताऱ्याचा मळ कार्ल्सरूहेला आणून सोडला मी."

तूरियाला काही कळलं नाही, तरी तीही हसली. वाफेत तिघींचं हसू घुमत होतं. मी तूरियाच्या गुडघ्याशी, पाण्यानं भरलेला होतो. इतकं सुख मला बऱ्याच वर्षांत झालं नव्हतं.

इराचं मराठी मोडकं होतं. आजी येणार म्हणून तिनं उन्हाळ्यापासून वही करून शब्द पाठ केले होते. आजीनं तिला एक शिस्त लावली होती, की मराठी बोलताना इंग्रजी शब्द घालायचा नाही. इरानं 'ब्रेकफास्ट' म्हटलं की आजी कानाला हात लावायची. मग इरा थांबायची, तो शब्द काढून टाकायची आणि उरलेलं वाक्य म्हणायची. तीन आठवडे हा खेळ चालला होता. त्या दिवशीही दोनदा झाला, म्हणून मला ठाऊक.

चार वाजता तूरियानं विभावरीबाईंच्या डोक्याला माती लावली. डोळे मिटून घ्यायला सांगितलं. बाई भिंतीला टेकून म्हणाल्या, "उल्काला सुचलं म्हणून बरं. आईसाठी एवढं करायला..." आणि वाक्य अर्धंच सोडलं.

इराला राहवलं नाही. ही आंघोळ तिची भेट होती. शाळेच्या सुट्टीत शेजाऱ्यांचं बाळ सांभाळून तिनं या आंघोळीचं गुटशाइन, म्हणजे भेटपत्र, मिळवलं होतं. स्वतः फोन करून आजीच्या नावावर वेळ घेतली होती. हे सांगायला तिनं वहीत एक वाक्य तयार करून ठेवलं होतं: तुझ्या नावाने आंघोळ बुक केली. त्यात 'बुक' हा इंग्रजी शब्द होता. आजीला आवडणार नाही, म्हणून तिनं तो काढून टाकला.

तिनं तूरियाला खुणेनं विचारलं, मी ओतू? तूरियानं मला तिच्या हाती दिलं. पाणी कोमट होतं, अडतीस अंश. पाण्यात काही खोट नव्हती.

इरा मागून आली. मला दोन्ही हातांनी उचललं आणि आनंदानं, मोठ्यानं म्हणाली, "आजी, मम्मानं नाही! मी! मी तुझ्या नावाने आंघोळ केली!"

आणि मला आजीच्या डोक्यावर उपडं केलं.

विभावरीबाईंच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी बावीस वर्षांच्या हमामातही ऐकला नव्हता. त्या ताडकन उठल्या. पायाखाली साबण होता. त्यांचा हात जोरात मला लागला, मी इराच्या हातातून उडालो, आणि बाई उजव्या हातावर पडल्या. मी ओट्याच्या कडेवर आपटलो, तिथून खाली, आणि फरशीवर गोल गोल फिरत वाजत राहिलो.

मित्रांनो, माझा गुन्हा हा आहे. प्लास्टिकचा वाडगा पडला असता तर कुणाला ऐकू गेलं नसतं. मी घंटेसारखा वाजलो. शेजारच्या खोलीतल्या बायका आल्या, फ्राऊ केलर आल्या, उल्का धावत आली. दारातून सगळ्यांना एकच चित्र दिसलं. म्हातारी बाई जमिनीवर, आणि तिच्यामागे रिकाम्या हातांनी उभी असलेली इरा. मी थांबलो तेव्हा सगळे तिच्याकडेच पाहत होते. मी ज्याचा अभिमान बाळगत आलो त्या आवाजानं एका मुलीकडे बोट दाखवलं.

हाड मोडलं नव्हतं. मनगट मुरगळलं होतं आणि भुवईजवळ खरचटलं होतं. विभावरीबाईंना झगा गुंडाळून चहाच्या खोलीत बसवलं. मनगटावर बर्फाची पिशवी. केसांत माती तशीच. जर्मनीत असं काही घडलं की लगेच कागद भरावा लागतो. फ्राऊ केलर अपघाताचा फॉर्म घेऊन समोर बसल्या. पुरावा म्हणून मलाही टेबलावर ठेवलं.

उल्का इराला बोलत होती. आवाज चढलेला नव्हता, म्हणून तो जास्त लागत होता.

"मागून जाऊन डोक्यावर ओततात का? ती अडुसष्ट वर्षांची आहे. डोकं आपटलं असतं तर? रविवारी तिचं विमान आहे. तुला कळतं का काही?"

"इश वोल्टे डोख नूर..." इरा म्हणाली. मला फक्त एवढंच करायचं होतं की...

"मराठीत बोल. आजीला कळू दे."

"नाही." इराचा चेहरा लाल झाला होता. पुढचं सगळं ती जर्मनमध्येच म्हणाली. "मी मराठीत बोलले म्हणून ती घाबरली. मी काहीतरी घाण बोलले असणार. माझं मराठी चुकतं. मी आता कधीच बोलणार नाही."

विभावरीबाई सगळ्यांकडे आळीपाळीनं पाहत होत्या. तूरिया दाराशी उभी होती, तिच्या हातातला हातमोजा अजून काढलेला नव्हता.

फ्राऊ केलरनी तारीख लिहिली, वेळ लिहिली, जखम लिहिली. मग पेन एका रकान्यावर ठेवून विचारलं, "उरझाखे?" म्हणजे कारण.

मग इरा हळूच म्हणाली, "इश."

फ्राऊ केलरनी वर पाहिलं. पेन कागदावर टेकलेलं होतं.

"काय म्हणाली ती?" विभावरीबाईंनी विचारलं.

"काही नाही, आई. तू आराम कर."

"उल्का, त्या कागदावर काय विचारलंय आणि पोरीनं काय सांगितलंय?"

"कारण विचारलंय. तिनं 'मी' असं सांगितलं. म्हणते, माझं मराठी चुकलं."

विभावरीबाईंनी डावा हात पुढे केला आणि फ्राऊ केलरच्या पेनावर ठेवला. "थांबा म्हणावं. तिथे माझं नाव घाला."

"आई, अगं फॉर्म आहे नुसता..."

"तिचं नाव तिथे जाणार नाही. तिचं काही चुकलं नाही. तिचं मराठीही चुकलं नाही." त्यांनी पेन सोडलं नाही. "पाण्याला घाबरायला मी काय लहान आहे? ती जे म्हणाली त्याला घाबरले मी. मला वाटलं, तिला कुणीतरी सांगितलं. मला वाटलं, तूच सांगितलंस, आणि आता ही पोर माझं माप माझ्या पदरात घालतेय."

"काय सांगितलं? मला काय माहीत आहे?"

तेव्हा विभावरीबाईंच्या लक्षात आलं, की मुलीला काहीच माहीत नव्हतं. अजूनही गप्प बसता आलं असतं. त्या क्षणी त्यांनी तूरियाकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं आणि मग इराकडे पाहिलं. इरा टेबलाच्या कडेला नखानं खरवडत होती.

"तुझे बाबा गेले तेव्हा तू आली नाहीस," त्या म्हणाल्या.

"मला नववा महिना होता, आई. विमानात घेतलं नसतं."

"ठाऊक आहे. तेव्हाही ठाऊक होतं. पण ते शेवटपर्यंत दाराकडे बघत होते आणि तो राग मला कुणावर तरी काढायचा होता. तेराव्याला सगळी माणसं जमलेली. कुणीतरी विचारलं, उल्का कुठेय. मी सगळ्यांदेखत म्हणाले, मला मुलगी नाही, मी तिच्या नावाने आंघोळ केली." त्या थांबल्या. "नुसतं म्हणाले नाही. त्याच सकाळी न्हाणीघरात जाऊन तुझ्या नावाने एक तांब्या डोक्यावर घेतला होता."

इरानं मान वर केली. "म्हणजे काय?" तिनं मराठीत विचारलं.

"आपल्याकडे माणूस मेलं की आंघोळ करतात, बाळा. आणि जिवंत माणसाच्या नावाने केली, तर त्याचा अर्थ, तू मला मेलीस."

उल्का उभी होती. ती बोलली तेव्हा तिनं आईकडे पाहिलं नाही.

"तेराव्याला? इरा तेव्हा सात दिवसांची होती. त्या दिवशी मी तिला घरी पहिली आंघोळ घालत होते. मान कशी धरायची ते मला कळत नव्हतं. मी तुला तीनदा फोन केला."

"वाजत होता," विभावरीबाई म्हणाल्या. "मी समोर बसून बघत होते."

"मी व्हिडिओ बघून घातली."

विभावरीबाईंनी बर्फाची पिशवी मनगटावरून काढून टेबलावर ठेवली. माफ कर, असं त्या म्हणाल्या नाहीत. मला वाटतं, तो शब्द त्यांना फार लहान वाटला असावा.

मध्येच इरानं विचारलं, "आल्झो, माझं वाक्य बरोबर होतं? मी फक्त 'बुक' काढला, तो इंग्रजी आहे म्हणून."

"अगदी बरोबर होतं. एक शब्द कमी होता, आणि तोही मीच काढायला लावला होता."

फ्राऊ केलर घड्याळाकडे पाहून खाकरल्या. कारणाचा रकाना अजून कोराच होता. इरानं त्यांना जर्मनमध्ये थोडक्यात काहीतरी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि रकान्यात एक लांबलचक शब्द लिहिला.

"काय लिहिलं?" आजीनं विचारलं.

"मिसफरश्टेंडनिस. म्हणजे गैरसमज."

"गैरसमज नव्हता म्हणावं. समज बरोबर होता, मी तसं केलंच होतं."

"आई," उल्का म्हणाली, "फॉर्ममध्ये तेवढी जागा नाही."

तूरियाला दोन गोष्टी विचारून फ्राऊ केलरनी तिच्या कामाबद्दल दोन ओळी वेगळ्या लिहिल्या. नियमाबाहेर मला कपाटातून काढलं म्हणून तिला समज मिळाली, लेखी. तिनं ती खाली मान घालून घेतली. तीही माझ्याच खात्यावर आहे. तूरियानं मला मिरवायला नाही, लाल्लाला आनंद व्हावा म्हणून बाहेर काढलं होतं.

मग तीच पुढे आली आणि म्हणाली, लाल्लाच्या केसांतली माती वाळत चालली आहे. आता धुतली नाही तर केस तुटतील. बाईंचा उजवा हात तर चालत नव्हता. तूरिया त्यांना उठवायला वाकली, पण उल्का म्हणाली, "मी घालते."

तिनं ऑफिसची पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, घड्याळ काढून इराकडे दिलं आणि टेबलावरून मला उचललं. आत प्लास्टिकचे बारा वाडगे मांडलेले होते. मला वाटलं, ती मला तिथेच सोडून एखादा हलका वाडगा घेईल. तिच्या ते लक्षातही आलं नसावं.

विभावरीबाई ओट्यावर बसल्या. या वेळी उल्का मागे गेली नाही. ती समोर उभी राहिली, म्हणजे आईला ती दिसत राहील. माझ्यात पाणी भरून तिनं ते आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहिलं. बाळाच्या आंघोळीचं पाणी पाहतात तसं.

"रागावली आहेस ना?" आईनं विचारलं.

"हो."

"खूप?"

"खूप. डोळे मिट, माती जाईल."

विभावरीबाईंनी डोळे मिटले. खांदे आक्रसलेलेच होते.

"आई, ओतू?"

उल्कानं ओतलं नाही, ती थांबली. दारात इरा घड्याळ हातात धरून उभी होती.

"ओत," विभावरीबाई म्हणाल्या.

माती सहज सुटली नाही. वाळली होती. तिसऱ्या वेळेपर्यंत पाणी गढूळच वाहत होतं. उल्का दर वेळी विचारायची आणि आई दर वेळी उत्तर द्यायची. सातव्या वाडग्याला पाणी स्वच्छ आलं.

पुढे त्या दोघींचं काय झालं, मला माहीत नाही. खोटं सांगून तुम्हाला बरं वाटायला लावणार नाही. रविवारी विमान होतं, ते वेळेवर गेलं असेल. इरा मात्र दोन आठवड्यांनी एकटीच आली होती, आजीची विसरलेली तेलाची बाटली न्यायला. जाताना तिनं कपाटासमोर उभं राहून फोनवर कुणाला तरी मराठीत सांगितलं, "हो, तो वाडगा इथेच आहे. नाही आजी, अजून घासला नाही त्यांनी." त्या वाक्यात एकही चूक नव्हती.

माझा आता वापर होत नाही आणि व्हावा असंही मला वाटत नाही. मी काळा पडलो आहे. वाईट वाटतं ते त्याचं नाही. चौदा वर्षांची मुलगी स्वतःला कारण म्हणून लिहायला निघाली होती, आणि ते माझ्या आवाजामुळे घडलं. ते घासून निघत नाही.

म्हणून मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. कुणाच्या डोक्यावर पाणी ओतायचं असेल तर समोर उभं राहून आधी विचारा, मग ते प्रेमानं ओतायचं असलं तरी. काहीतरी पडलं, मोठा आवाज झाला, तर ज्याचे हात रिकामे दिसतात त्याच्याकडे लगेच पाहू नका. आणि तुम्ही कुणावर रागावलेले असताना त्याचा फोन वाजला, तर उचला. भांडायचं असेल तर भांडा, पण उचला. पलीकडच्या माणसाला कदाचित एवढंच विचारायचं असेल, की बाळाची मान कशी धरायची.